ताईच्या आवाजातले धडे

९ एप्रिल

ताई,

मायना घालत नाही. तीन वर्षांनी लिहितेय, कुठला घालावा ते सुचलं नाही. फोनवर माझा आवाज आला की तू "बटणाला दे" म्हणतेस, आणि माझे मेसेज न उघडता ठेवतेस, म्हणून हा कागद. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. शेवटी एक गोष्ट मागितली आहे, तेवढी कर.

जुलैत तू बटणाला तिकडे बोलावणार, हे मला तिच्याकडून कळलं. रविवारी तुझा फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "माऊ, आईचे कागद झाले. शाळा सुरू व्हायच्या आधी मला जायचंय तिकडे." मी दूध गाळत होते. "बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचे वडील निघून गेले आणि तू तिला माझ्याकडे ठेवून नोकरीला परदेशी गेलीस, तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता दहाची आहे. आणि आई तू आहेस. यात माझं मत विचारायची रीत कुठेच नाही, आणि विचारलं असतंस तरी मी काय सांगितलं असतं ते मलाच माहीत नाही.

तिकडच्या शाळेत आधी इंग्रजीत बोलून दाखवावं लागेल, नाही जमलं तर खालच्या वर्गात बसवतील, असंही तू तिला सांगितलंस. तेव्हापासून ती नखं खातेय. तुला वाटत असेल, मावशी इंग्रजीची बाई, मग पोरीला येत कसं नाही. ताई, आमच्याकडे इंग्रजी म्हणजे गाळलेल्या जागा भरा. माझी मुलं पानभर वाक्यांचे काळ बदलून देतील, पण तहान लागली तर त्याच इंग्रजीत पाणी मागता येणार नाही. बटण त्यातलीच.

आमच्या मोठ्या बाईंनी या सुट्टीत शाळेत इंग्रजीचं उन्हाळी शिबिर ठरवलंय. मला बोलावून म्हणाल्या, "पुस्तक उघडायचं नाही. खेळ, चित्रं, बोलणं. साहित्य सगळं तुम्ही तयार करा." मी हो म्हटलं, कारण बटणाला त्यात बसवता येईल. चित्रकलेचे सर चित्रं काढून देणार आहेत. चित्रांची कार्डं, दुकान-दवाखाना-स्टेशन असे संवाद, मोज्यांच्या बाहुल्या, सोंगट्यांचा खेळ, सगळं कागदावर मांडून झालंय. अडलंय ते ऐकण्याच्या पाठांवर. तयार मिळतात ते बातम्या दिल्यासारखे असतात. माझा उच्चार म्हणशील तर तो मला माझ्या बाईंनी शिकवला आणि त्यांना त्यांच्या बाईंनी.

म्हणून मागते. सोबत काही वाक्यं लिहिली आहेत. घरात आई मुलांशी बोलते तशी. ऊठ, दप्तर घे, बूट कुठे टाकलेस, इकडे ये, बस माझ्याजवळ. तिकडे जशी बोलतेस तशी इंग्रजीत बोल आणि रेकॉर्ड करून फोनवर पाठव. मला काही लिहू नकोस हवं तर, नुसता आवाज पाठव.

तुझी,
धाकटी


२६ एप्रिल

ताई,

पाठ पोचले. सोबत एक अक्षर नव्हतं, तसंच ठरलं होतं. तरी मी दोनदा बघितलं.

शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकले. चित्रकलेचे सर पंख्याखाली कात्री घेऊन बसले होते. ऐकून म्हणाले, "या बाई कोण? फार झपाझप बोलतात." मी म्हटलं, "तिकडच्याच आहेत." ते म्हणाले, "वाटतंच." मला हसू आलं आणि मग आलं नाही. तू खरंच तशी बोलतेस आता. बूट शोधण्याच्या वाक्यात तू मधेच स्वतःशी हसलीस, ते मी कापलं नाही.

तयारीचं म्हणशील तर घर कागदांनी भरलंय. सरांची चित्रं छान असतात, पण त्यांचा प्रत्येक पुरुष त्यांच्यासारखाच दिसतो. डॉक्टर, पोस्टमन, दुकानदार, सगळ्यांना तीच मिशी. मी म्हटलं, "सर, मुलं ओळखणार कशी?" तर प्रत्येकाला वेगळी टोपी घातली. शाळेचं लॅमिनेशनचं मशीन गरम झालं की कागद चघळतं. फळांची अर्धी कार्डं त्यात गेली, ती पुन्हा केली.

कार्डांची टोकं गोल कापायचं काम बटणाकडे आहे, म्हणजे लहान मुलांना टोचणार नाहीत. ती जमिनीवर पालथी पडून कापते, जीभ बाहेर. कापता कापता परवा विचारलंन, "माऊ, मी हे शिकलेच नाही तर?"

"तर काय?"

"तर मला नेणार नाहीत ना?"

मी काय उत्तर दिलं ते विचारू नकोस. तुला वाटतं मी तिला तुझ्यापासून तोडलं. तीन वर्षांपूर्वी तू न्यायला आलीस आणि ती कपाटाचं दार धरून बसली, तेव्हा तू ते बोलून गेलीस. मी तेव्हा वाद घातला नाही, आता घालत नाही. एवढंच सांगते की तुझे पाठ नीट कापून, नावं घालून तयार ठेवलेत.

तुझी,
धाकटी


४ मे

ताई,

शिबिर सुरू झालं. पहिल्या दिवशी मुलं घामाघूम आणि मी त्यांच्याहून जास्त. दुकानाचा खेळ चांगला चालला. एका मुलाने दुकानदार होऊन सगळ्यांना सगळं फुकट देऊन टाकलं, कारण त्याला फक्त "टेक इट" येत होतं. मोज्यांच्या बाहुल्यांची नाकं तिसऱ्या दिवशीच तुटली.

तुझे पाठ लावले. सगळ्यांना आवडले. बटणही ऐकत होती.

तिचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण वेळ आहे. मोठ्या बाई वर्गावर आल्या होत्या, त्यांनी तिला साधं नाव विचारलं तर ती मान खाली घालून उभी राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "घरचीच मुलगी मागे राहिली की तुमच्या." मी म्हटलं, लाजते. ती लाजत नाही, ताई. घरी तीच वाक्यं ती बाहुल्यांकडून झोकात म्हणून घेते. वर्गात तोंड शिवून बसायचं असं तिने ठरवलंय. का, ते तुला मागच्या पत्रावरून कळलं असेल.

उन्हाने दुपारी वर्गात बसवत नाही, म्हणून आम्ही सकाळी लवकर सुरू करतो. बाकी ठीक.

धाकटी


११ मे

ताई,

काल तू बटणाला फोनवर विचारलंस, "माझा आवाज ऐकलास का शिबिरात?" ती म्हणाली, "कुठे?" आणि मग, तीच सांगते, तू "नंतर करते" म्हणून ठेवलास.

मागच्या पत्रात मी दोन ओळींत उरकलं होतं. जे झालं ते असं झालं.

पहिल्याच दिवशी मी तुझा पाठ लावला. खेळ असा होता की आवाज सांगेल तसं करायचं. "स्टँड अप" म्हटलंस, सगळी उभी राहिली. "टेक युअर बॅग," सगळ्यांनी दप्तरं उचलली. बटणही. ती बोलत नव्हती, पण हे करत होती. बोलायचं नसल्यामुळे यात तिला हरकत वाटली नसावी. बूट शोधताना तू हसलीस तिथे तीसुद्धा हसली. मी टेबलाशी उभी राहून तिच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आत्ता ओळखेल. आत्ता वळून माझ्याकडे बघेल. शेवटी तू म्हणालीस, "कम हिअर. सिट नेक्स्ट टू मी." सगळी मुलं धावत येऊन स्पीकरभोवती बसली. बटण सगळ्यांत पुढे, स्पीकरला गुडघा लावून. मग तिने शेजारच्या मुलीला विचारलं, "ही बाई कोण गं, एवढी भरभर बोलते?"

मी तिला सांगायला हवं होतं. तिथे, नाहीतर घरी येऊन. तू म्हणशील, मुद्दाम नाही सांगितलंस. खरंच तसं नव्हतं. तू रेकॉर्ड करताना काय मनात धरून बोलली असशील ते मला दिसत होतं, आणि तिला ओळखू आलं नाही हे मी तिच्याच तोंडून कबूल करून घ्यायला गेले असते, तर ते तिच्याही लक्षात राहिलं असतं. म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. आणि तोवर तू फोन केलास.

फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ती बाई आई होती?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझा फोन मागितला आणि पाठ घेऊन गॅलरीत जाऊन बसली. दार लोटून घेतलं. मी आत कपड्यांच्या घड्या करत होते आणि दाराआडून तू पुन्हा पुन्हा ऊठ, ये, बस म्हणत होतीस.

बऱ्याच वेळाने आत आली. म्हणाली, "फोनवर आई हळू बोलते. जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच. यात ती रागावते पण. हसते पण." मग म्हणाली, "तिकडे ती रोज अशी असते?"

मी म्हटलं, "असेल. मी कधी बघितलेलं नाही."

ताई, तुला फार लागलं असणार. तिला दोष देऊ नकोस. आणि मला द्यायचा असेल तर दे, मी काही त्याच्यावर लिहिणार नाही. पण रविवारचा फोन चुकवू नकोस.

धाकटी


२४ मे

ताई,

शिबिर संपलं. बटण बोलायला लागली, हे तुला फोनवर कळलंच आहे. कसं, ते सांगते.

त्या रविवारनंतर दुसऱ्या दिवशी वर्गात दवाखान्याचा संवाद होता. मी डॉक्टर कोण, पेशंट कोण विचारलं, तर हिने हात वर केला. उभी राहिली आणि तुझ्या चालीत बोलली. तोच वेग, तसंच वाक्याच्या शेवटी वर जाणं. मुलं बघत राहिली. चित्रकलेचे सर मिशीवाली कार्डं घेऊन दारात उभे होते, त्यांनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. शिकवणारी मी, पण मला विचारशील तर मी काही केलं नव्हतं.

आता ती मला सुधारते. मी "वॉटर" म्हटलं की म्हणते, "तसं नाही माऊ, आई असं म्हणते," आणि मधला ट गिळून दाखवते. पूर्वी ती तुला "फोनमधली आई" म्हणायची, आठवतं? फोनमधली गळून गेली. कधी, ते माझ्याही ध्यानात आलं नाही. मी तिच्यासारखं म्हणून बघते. मला जमत नाही. ती मोठ्या समजूतदारपणे म्हणते, "हळूहळू येईल." हे माझं वाक्य आहे, मी वर्गात रोज म्हणते.

एक सांगून टाकते. टोकं कापताना तिने विचारलं होतं ना, शिकलेच नाही तर? मी तिला म्हटलं होतं, "तरी जावं लागेल. मग न बोलता जाशील एवढंच." ती रडली नाही. कापत राहिली. माझंच बोलणं मला नंतर आठवडाभर पुरलं. ते खोटं नव्हतं, म्हणून परत घेता येईना. आणि तिच्या गप्प बसण्याचा मला किती आधार वाटत होता हे मोठ्या बाई बोलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. रोज सकाळी तिला बोलतं करायचं साहित्य पिशवीत भरायचं आणि रोज दुपारी, ती आजही बोलली नाही, म्हणून हलकं होऊन घरी यायचं, असं चाललं होतं माझं.

शेवटच्या दिवशी मुलांनी आईवडिलांसमोर दुकान मांडलं. बटण दुकानदार होती. समोरच्याने पैसे न देता सफरचंद उचललं तर "एक्सक्यूज मी, मिस्टर" म्हणून असं काही खडसावलं की सगळे हसले. मोठ्या बाई म्हणाल्या, "बघा, तुमच्या साहित्याची कमाल." पुढच्या वर्षीही मलाच करायला सांगितलंय.

शिबिर संपलं तरी घरात एक संच बाकी आहे. तिने विचारलं, "माऊ, तिकडच्या घरात काय काय आहे?" मला काय माहीत? तिनेच तुझ्याकडून फोटो मागवले. तू लगेच पाठवलेस, खिडकीपासून बाथरूमच्या दारापर्यंत. चित्रकलेच्या सरांना सुट्टी लागली, म्हणून त्या फोटोंवरून मीच चित्रं काढतेय. तुझी केटली, तुझ्या कामाचे कपडे अडकवलेली खुंटी, जिन्याचा कठडा. आणि तो नवा पलंग. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाहीस. प्रत्येकाखाली इंग्रजी शब्द. ती रात्री जेवणाआधी कार्डं पसरून घरभर फिरल्यासारखी बोटाने फिरते. इथून आत, इथे बूट, इथे आई, इथे मी. मी समोर बसून चुका काढते. चुका कमी होत चालल्यात.

तू आमचं घर बघितलेलं आहेस. तुझं घर मी कार्डांवर बघतेय. मिशी-टोपीपेक्षा बरी चित्रं काढते मी, हे या वयात कळलं.

धाकटी


१४ जुलै

ताई,

तुला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिला एकटीला पाठवायचं ठरलं, तेव्हा मला राग आला होता. फोनवर मी बोलले ते तू ऐकून घेतलंस, ठेवला नाहीस. तेवढ्यापुरतं मला बरंही वाटलं. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ती तुझ्याकडे येऊन आठवडा उलटलेला असेल. पोचल्याचा फोन झालाच आहे. तरी काल काय झालं ते लिहून ठेवते, ती सांगणार नाही.

आधी कामाचं. भूक नाही म्हणाली तर मानू नकोस, ताट समोर ठेवून दुसऱ्या खोलीत जा, मग खाते. खोटं बोलते तेव्हा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते. आजारी पडली की चिडते, आणि डोकं दाबू दिलं की झोपते. तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं असं करू नकोस. शाळेत बोलेल. रडताना तिला आपल्याच भाषेत रडू दे.

घरातून निघताना तिने काही केलं नाही. मला भीती होती की कपाटाचं दार धरेल. मी मनातल्या मनात दोन्हीची तयारी केली होती, तिची बोटं सोडवायची आणि न सोडवायची. तिने बूट घातले, नाड्या स्वतः बांधल्या आणि जिना उतरून खाली उभी राहिली. टॅक्सीत माझ्या मांडीवर पाय टाकून बसली, जसं लहान असताना बसायची. टॅक्सीवाल्याने विचारलं, "मायलेकी कुठे निघालात?" मी म्हटलं, "ही निघालीय." त्याने आरशातून बघितलं.

विमानतळावर एकट्या जाणाऱ्या मुलांसाठी विमान कंपनीची एक बाई असते. निळा कोट, हसरी. तिने बटणाच्या गळ्यात एक पिशवी अडकवली, आत कागद. त्या बाईला आपली भाषा येत नव्हती. इंग्रजीत बोलत होती, तुझ्याइतकी भरभर नाही. नाव विचारलं, वय विचारलं, तिकडे घ्यायला कोण येणार विचारलं. प्रत्येक प्रश्नाला माझं तोंड आपोआप उघडत होतं आणि बटण माझ्याआधी उत्तर देत होती. माय मदर इज कमिंग. सगळं बरोबर. कुठे अडखळली नाही. मी सामानाचं हँडल धरून उभी होते आणि तिथे माझं काही काम नव्हतं.

मग त्या बाईने माझ्याकडे बघून तिला विचारलं, या तुझ्या कोण? बटण म्हणाली, "माय आँट." त्या बाईला बोलायची हौस असावी, किंवा पोरीचं मन रमवत असावी. तिने विचारलं, तू यांच्याकडे किती दिवस राहिलीस?

हे आम्ही शिबिरात घेतलं नव्हतं. किती दिवस, कधीपासून, हे पुढचं असतं. बटणाने माझ्याकडे बघितलं, वर्गात शब्द अडला की बघायची तसं. मग तिचं तीच म्हणाली, "ऑल."

ती बाई वाट बघत थांबली. तिला वाटलं, वाक्य पुरं व्हायचंय. बटणालाही कळलं की ते अर्धं आहे, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, "ऑल."

पुढचे दोन शब्द मला येत होते. माय लाइफ. ओठावर आले होते, नुसते पुटपुटले असते तरी तिने उचलले असते. पण पहिली दोन वर्षं तुझी होती, ताई. ती मी माझ्या वाक्यात कशी घालू? निळ्या कोटातल्या बाईने मान डोलावली, तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

तुझी,
धाकटी